खालच्या अंगणातलं एनसेट

तीर्थस्वरूप अंजुलोदादास,

धाकट्या अस्नाकेचचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनीचा खोकला? धुकं अजून दुपारपर्यंत दारात मुक्काम ठोकून असतं का? मी मजेत आहे. म्हणजे बोगाले तसं सगळ्यांना सांगतो, आणि पोरगा मास्तर असला की आईला ते खरं धरावं लागतं.

हे गेल्यावर "आई, वर एकटी थंडीनं मरशील" म्हणून त्यानं मला डोंगरावरून इथे अर्बा मिंचला आणलं. आता उकाड्यानं मरतेय, पण एकटी नाही, एवढी सुधारणा आहे. तळ्यात मगरी, झाडाला आंबे, अंगाला घाम. बरोबर आणलेली मेंढी पहिल्याच आठवड्यात शेजारणीच्या पाण्याच्या पिंपात तोंड घालून बसली, ती हलेचना. (शहाणी! मला लाज आडवी आली.)

माझं जेवण सुटलं म्हणून बोगालेनं आपल्या वरच्या परसातलं एनसेट मुळासकट खणून इथे अंगणात लावलं. (इथली माणसं त्याला केळ समजतात आणि घड कधी धरणार म्हणून विचारतात. अरे बाबांनो, त्याचा बुंधा आंबवून भाकरी करतात, असं मी किती जणांना सांगू?) दिवसभर हा शाळेत शिकवतो, की थंडीतला जीव थंडीत का राहतो, डोंगर उतरत गेलं की झाडं कशी बदलत जातात. आणि मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन त्याच झाडावर माझं पांघरूण धरून उभा राहतो. तरी पानं कडेनं करपलीच. मी म्हटलं, "अरे, तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तक पोरांसाठी असतं, आई. तू पाणी घाल."

डोळे भरले होते रे त्याचे. मी गुमान पाणी घातलं.

दादा, घास उतरत नाही. मला घरी यायचंय, आणि हे त्याला सांगायची माझी छाती होत नाही.

घरच्या सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
अस्नाकेच

ता. क. – तू आजारी आहेस, वहिनीला एकटीला झेपत नाही, बहिणीला पाठव, असं बोगालेला कळव. दोन ओळी चांगला कण्ह. म्हणजे माझं जाणं त्याच्या मनाला लागणार नाही. निघताना मी कुरकुर करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आणखी एक – पाकीट चिकटवतच होते, तेवढ्यात बोगाले आला. खाली बघत म्हणाला, "आई, वरून निरोप आलाय. मामाला बरं नाही. तुला बोलावलंय." आणि हे पत्र तर अजून माझ्या हातातच आहे. मी ठरल्याप्रमाणे कुरकुर केली. शनिवारी तो मला पोचवायला येतोय. तेवढा वेळ अंथरुणात पडून राहा दादा, त्याला खोटं पाडू नकोस.