मुद्दाम वाकडा काढलेला अंगठा

देवळाली प्रवरा,
रविवार, उपासना उरकून

आदरणीय मोझेसदाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे जस्टिनचा, मनापासून सलाम.

पाकीट बघून दचकू नका, कुणी आजारी नाही. प्रभूच्या दयेने इथे सगळे बरे आहेत, मी सोडून. आईची कंबर थंडीत धरते तेवढीच, बाकी माझ्याकडे बघून सुस्कारे टाकण्याइतकी ताकद तिच्या अंगात भरपूर आहे. तुमचा गुडघा कसा आहे? दयाताई सांगत होती की हल्ली तुम्ही खुर्चीत बसूनच भूगोल शिकवता. चांगलं आहे, सह्याद्री काय, फळ्यावरच चढायचा असतो. (चेष्टा करत नाही, दाजी, काळजीने विचारतोय. मिठाच्या पाण्याचा शेक घ्या.) हे पत्र घरी न पाठवता शाळेच्या पत्त्यावर टाकलंय, आणि व्हॉट्सॲपवर तर लिहिलंच नाही, कारण तुमचा मोबाईल तुमच्याआधी ताई वाचते. तिने हे वाचलं तर संध्याकाळच्या आत ती डबाभर करंज्या घेऊन तुमच्या शाळेतल्या एंजेला मॅडमच्या दारात उभी राहील, आणि सध्या त्या दारात आमच्या घरातल्या कुणीही उभं राहावं अशी परिस्थिती नाही. ती कशी बिघडली ते सांगतो. तुम्ही रागवाल, पण आधी पूर्ण वाचा. मला काय हवंय ते मात्र आत्ताच सांगून ठेवतो: एंजेला मॅडमने माझ्या एखाद्या चित्रावर पुन्हा लाल रेघ मारावी. लग्नबिग्न पुढचं पुढे. एक रेघ, बस.

खरं म्हणजे या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात. मागच्या नाताळात तुम्ही आमच्याकडे जेवायला बसला होतात आणि मी कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून आई तुमच्यापुढे डोळे पुसत होती. (का सोडलं ते आईने तुम्हाला तिच्या बाजूने सांगितलं. माझ्या बाजूने ते असं, की प्राणिशास्त्राच्या सरांनी माझ्या बेडकाच्या आकृतीला नावं ठेवली. मी म्हटलं, सर, बेडूक बरोबर आहे, तुम्हीच तो नीट बघितलेला नाही. त्यांनी माझं जर्नल खिडकीतून बाहेर टाकलं. मी ते उचलायला म्हणून वर्गाबाहेर गेलो तो परत आत गेलोच नाही. आता वाटतं, जर्नल झटकून आत जाऊन बसायला काय झालं होतं? बेडकाचा मागचा पाय खरोखरच चुकला होता.) तेव्हा तुम्ही भाताचा घास हातात धरून म्हणालात की आमच्या शाळेत चित्रकलेच्या नव्या मॅडम आल्यात, टॅबवर चित्रं काढतात, त्यांचा एक ग्रुप आहे, त्यात शिर, जगाशी भांडण्यापेक्षा काहीतरी शिकशील. नंबर दिलात आणि आमटी मागितलीत. तुम्हाला काय माहीत, तुम्ही काय करून बसलात!

ग्रुपचं नाव ‘रोज एक रेघ’. जिल्ह्यातली, टॅबवर नाहीतर कॉम्प्युटरवर चित्रं काढणारी सगळी मंडळी. नियम असा, की रोज एक अभ्यास टाकायचा. म्हणजे मनातलं काही काढायचं नाही, समोर जे दिसतंय तेच बघून काढायचं: पायातली चप्पल, चुरगळलेली चादर, स्टँडवर पेंगणारी माणसं. आणि कुणाच्या चित्राखाली ‘मस्त’, ‘भारी’, टाळ्या, अंगठे असलं काही टाकायचं नाही. चुकलं असेल तर त्या चित्रावर नवा लेअर घेऊन बरोबर काय ते लाल रेघेने काढून दाखवायचं. (लेअर म्हणजे तुम्ही नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून गोदावरी काढता ना, तसंच. खालचा नकाशा जसाच्या तसा राहतो.) मी पहिल्या दिवशी उसाच्या फडातला, कोयता धरलेला हात टाकला. मला वाटलं, ग्रुप गार पडणार. थोड्याच वेळात तो हात लाल मुंग्या लागल्यासारखा होऊन परत आला. मनगट पत्त्यावर नाही, कोपर नको तिथे, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत शिस्तीत उभा. मी तिथल्या तिथे लिहिलं की आमच्याकडे हात असेच असतात, मॅडमनी कधी ऊस तोडलाय का, आणि ग्रुप सोडला. मग जेवायला बसलो. आई भाकरी थापत होती. दाजी, जन्मभर त्या हातची भाकरी खाल्ली, पण अंगठा बाजूला निघतो हे मी त्या दिवशी बघितलं! दोन घास कसेबसे गिळले आणि माफी मागून परत आत घ्या म्हणालो. तिने घेतलं आणि एवढंच लिहिलं, की कोयत्याची धार फार चांगली जमली होती, रागावून गेला नसता तर तेही वाचलं असतं. त्या वाक्यावर मी गेलो, दाजी. पुरता गेलो.

त्यानंतर मी जो अभ्यास केला तो कॉलेजात केला असता तर आज आई सुस्कारे टाकत नसती. बन्सीशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात मी कामाला आहे ते तुम्हाला माहीतच आहे. तिथून जेवणाच्या सुट्टीत टॅब घेऊन राहुरीच्या स्टँडवर जायचो. तिथे पेरू विकणाऱ्या लंकाबाई आहेत. (कुणाच्या बापाला भीत नाहीत.) चार दिवस त्यांनी मला सहन केलं आणि पाचव्या दिवशी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं, “का रं, रोज माझ्या हाताकडंच काय बघत बसतो? हात बघनारा जोशी हाय का तू? मग सांग की, पेरू कवा खपत्यात माझं!” मी म्हटलं, “मावशी, चित्र काढतोय.” त्या म्हणाल्या, “काढ बाबा, पण पेरू घेऊन काढ, फुकट न्हाई.” तेव्हापासून आमच्या घरात एवढे पेरू येऊ लागले, की आईला वाटलं मी फ्लेक्स सोडून फळबाजारात शिरलो. पण हात सुधारला. रोज चित्र टाकायचं, रोज लाल रेघा यायच्या, त्या मी वेगळ्या जपून ठेवायचो. (माझं चित्र बंद करून नुसता तिचा लेअर बघता येतो. मी तो किती वेळा बघायचो ते विचारू नका.)

आणि मग उन्हाळ्यात एक दिवस चित्र कोरं परत आलं. एकही लाल रेघ नाही. खाली लिहिलेलं: आज दुरुस्त करण्यासारखं काही नाही, असंच चालू ठेवा. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशीही कोरं. तिसऱ्या दिवशी मी बघत बसलो तर ती तिसगावच्या ओमला (हा नुसते ट्रॅक्टर काढतो, ट्रॅक्टरला हात कुठून येणार?) ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाचा हात कसा काढायचा ते तीन-तीनदा काढून दाखवत होती. माझं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी मी अंगठा वाकडा काढला. मुद्दाम. तिने लगेच लिहिलं की अहो, हे काय झालं, परत तीच चूक? आणि लाल रंगात आख्खे दोन हात काढून पाठवले, बाणबिण दाखवून. मी त्या दिवशी भाकरी मागून मागून खाल्ली.

पुढचं काय सांगू? व्यसन लागलं. चूक करायची, पण खरी वाटली पाहिजे, हे बरोबर काढण्याहून अवघड असतं. सलग दोन दिवस अंगठा चुकला तर संशय येणार, म्हणून मधे कान, मधे कोपर, पण फिरून अंगठाच, कारण अंगठ्यावर ती सगळ्यात जास्त लिहायची. ती बिचारी युक्त्या शोधायची. कणकेचा गोळा घेऊन हात करून बघा म्हणाली, तर मी आईची कणीक घेतली. (आईने बघितलं आणि म्हणाली, “ही बोटं हायेत का शेवग्याच्या शेंगा? दे इकडं, पोळ्या करू दे.”) एकदा तर तिने स्वतःच्या हाताचे फोटो पाठवले, पाची बाजूंनी. ते फोटो बघून तर मी महिनाभर सुधारायचं नाही असं ठरवूनच टाकलं. एकदाही मनात आलं नाही, की दिवसभर पोरांना शिकवून आल्यावर हे माणूस माझ्या वाकड्या अंगठ्यापायी डोळे फोडून घेतंय.

दिवाळीनंतर नगरच्या एका प्रकाशकाने तिला विचारलं की लहान मुलांच्या गोष्टींची पुस्तकं काढायची आहेत, तुमच्याबरोबर आणखी एक चित्रकार द्या. बरोबर, दाजी! तिच्याबरोबर. एका पानावर तिची रेघ आणि माझी रेघ. मी मनात बन्सीशेठचा राजीनामा लिहून मोकळा झालो होतो. तिने ओमचं नाव दिलं. मला वेगळा निरोप आला, तो मला पाठ आहे. म्हणाली, “तुमची मेहनत मी बघितली आहे, पण गोष्टीत पानोपानी हात येतात. तुमचा अंगठा माझ्याच्याने सुधारला नाही. दोष तुमचा नाही, माझं शिकवणं कमी पडलं. माफ करा.”

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. मी लंकाबाईंचे, आईचे, बन्सीशेठचे, सगळ्यांचे हात एका कागदावर काढले, मला तरी एकालाही नाव ठेवायला जागा दिसली नाही असे, आणि सगळ्या ग्रुपसमोर टाकून खाली लिहिलं की मला पहिल्यापासून सगळं येतं, उन्हाळ्यापासून मी मुद्दाम चुकत होतो, आता बोला. मला वाटलं होतं, ती म्हणेल, वा! (ओमने नियम मोडून अंगठा पाठवला. त्याला मी तिसगावला येऊन बघून घेतो असं लिहिलं, तेही चुकलंच.) मग तिचं एकच वाक्य आलं: “म्हणजे मी रोज खोट्या चुका दुरुस्त करत होते.” बस. शिवी दिली असती तर परवडलं असतं. तेव्हापासून सगळ्यांच्या चित्रांवर लाल रेघा येतात. मी आजही रोज टाकतो. माझं कोरं राहतं.

आणि आता गंमत बघा. गेल्या पंधरवड्यात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला. हल्ली फोटो नको असतो, काढलेलं चित्र हवं असतं, त्यात पोट आत घेता येतं. पुढारी जनतेला नमस्कार करताना हवे होते. मी पोट घेतलं आत, केस वाढवले, नमस्कार काढला, फ्लेक्स चौकात लागला. सकाळी गर्दी. दोन्ही अंगठे बाहेरच्या बाजूला, एकमेकांशी भांडून तोंड फिरवल्यासारखे! मी हे मुद्दाम केलं नव्हतं, दाजी, देवाशपथ. इतके महिने वाकडं काढून काढून माझा हातच आता सरळ निघत नाही. बन्सीशेठ म्हणाले, “जस्टिन, अरे साहेबाचे हात उलटे बसवलेस का रे?” नेहमीसारखं मी म्हणणार होतो की हात बरोबर आहेत, तुम्हीच नीट बघितलेले नाहीत. तोंड उघडलं, आणि बेडूक आठवला. शिडी घेऊन गेलो आणि फ्लेक्स स्वतःच्या हाताने उतरवला.

तर असं आहे. तुम्ही तिच्याशी काहीही बोलू नका. स्टाफरूममध्ये समोर आली तर माझा विषय काढू नका, माझ्या वतीने माफी तर मुळीच मागू नका. मी तिला विसरायचं ठरवलंय आणि ते जवळजवळ जमलंय. ताईला सलाम, गुडघ्याला आराम द्या, आणि हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाका.

आपला आज्ञाधारक (या वेळेपासून),
जस्टिन

ता. क. पाकिटात दुसरा एक कागद आहे, तो फाडू नका. माझ्या डाव्या हाताचं चित्र आहे, समोर धरून बघून काढलेलं, दुकानात छापलेलं. जमलं तर एंजेला मॅडमच्या टेबलावर ठेवा. माझं नाव लिहिलेलं नाही, तिला कळेल. शेजारी तुमचा लाल पेन राहिला तरी चालेल.

ता. क. दुसरा. पाकीट दोनदा चिकटवलेलं दिसेल, पोस्टमनवर संशय घेऊ नका. आधीच्या चित्रात मी करंगळी जरा आखूड ठेवली होती, तिला काहीतरी सापडावं म्हणून. पाकीट बंद केलं आणि माझीच मला लाज वाटली. फोडलं, ते चित्र चुलीत घातलं, नवीन काढलं.

ता. क. तिसरा. तिने विचारलं तर तिला एवढंच सांगा, की या चित्रात मी मुद्दाम काही केलेलं नाही. तरी अंगठा चुकलाय. कुठे चुकलाय ते मला खरंच दिसत नाहीये.