बौद्धिक भांडवल आणि नवऱ्याचं नाक

सोमवार, ३ मार्च

कंपनी विकायची ठरलीये. सकाळी बाईंनी केबिनमध्ये बोलावलं, दार स्वतः उठून लावलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी आहे. मालकीण असल्या तरी त्या थकल्यात आता. घेणाऱ्यांना जागा, यंत्रं, गोदाम सगळं बघून झालंय. पण त्यांनी एक नवंच विचारलंय — तुमचं बौद्धिक भांडवल काय? साबणाच्या कारखान्यात! बाई म्हणाल्या, कायद्याचं तू बघतेस, तर हेही तूच बघ. प्रत्येक विभागात जाऊन विचार आणि टिपण कर.

जे कोणालाच कळत नाही ते वकिलाच्या गळ्यात. नेहमीचंच.

मंगळवार, ४ मार्च

अकाउंट्सच्या साहेबांपासून सुरुवात. चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, ताळेबंदात ज्याला ओळ नाही ते अस्तित्वात नाही. मी विचारलं, आणि तुमचा इतक्या वर्षांचा अनुभव? चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, जुन्या यंत्रासारखा त्यावर घसारा धरा. विनोद केला की दुखावले, कळलं नाही. चहा मात्र पाजला.

गुरुवार, ६ मार्च

विक्रीवाल्याच्या मते सगळं भांडवल त्याच्या मोबाईलमध्ये. साबण काय कोणीही करतं, दुकानदाराचा फोन कोण उचलतं ते महत्त्वाचं. हे सांगत असताना त्याचा फोन सारखा वाजत होता. एकदाही उचलला नाही.

कॉम्प्युटरवाली म्हणाली, सगळं सर्व्हरवर आहे. दाखव म्हटलं तर शोधायला लागली. मी निघाले तेव्हाही शोधतच होती.

एचआरवालीने तर भिंतीवरच लिहून ठेवलंय — माणसं हेच आमचं भांडवल. पूर्वी त्या खोलीत तिघी बसायच्या. आता ती एकटीच.

आणि माझं मत? जे कागदावर बांधता येतं ते. नोंदवलेलं नाव, पेटंट, करार. बाकी गप्पा.

शनिवार, ८ मार्च

राहिला सुगंध विभाग. म्हणजे माझा नवरा. आमच्या प्रत्येक साबणाचा वास हा ठरवतो. ऑफिसात आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, त्यावर सगळ्यांची करमणूक होते. रीतसर वेळ घेऊन गेले. तो बाटल्यांच्या गराड्यात बसलेला. बौद्धिक भांडवल म्हणजे काय साहेब, विचारलं. "वकीलबाई, ज्याला तुम्हाला कुलूप लावता येत नाही ते."

घरी आल्यावरही तेच. भाजीची चव नोंदवून घेतलीस का, पोळीच्या आकाराचं पेटंट काढ म्हणे. पोळी वेडीवाकडी झाली होती, हे खरं.

मंगळवार, ११ मार्च

घेणारे येऊन गेले. एक गृहस्थ, एक बाई. आमची सगळी भाषणं त्यांनी शांतपणे ऐकली आणि बहुधा विसरलेही. मग मागच्या वर्षी निघालेला पांढरा साबण त्या बाईंच्या हातात आला. नाकाशी धरला, डोळे मिटले. नुकत्याच वाळलेल्या चादरीत तोंड खुपसल्यासारखं वाटतं, म्हणाल्या. बैठक संपेपर्यंत साबण खाली ठेवला नाही.

तर त्यांचं ठरलंय. त्यांना हा साबण हवा आणि तो करणारा माणूस हवा. पाच वर्षं तो दुसरीकडे जाणार नाही, असं लिहून द्यायचं, नाहीतर व्यवहार नाही. लिहायचं कोणी? मी. स्वतःच्या नवऱ्याच्या नाकाचा करार! असं काम अजून कोणत्याच वकिलाच्या वाट्याला आलं नसेल.

गुरुवार, १३ मार्च

मसुदा त्याच्या हातात दिला. इतका पक्का झालाय की माझा मलाच अभिमान वाटला. तो हसेल, चिडवेल असं वाटलं होतं. पण सहीचं सोमवारी बघू म्हणाला आणि उठून गेला.

हे घेणारे गेले तर दुसरं कोणी दारात उभं नाही. एवढ्या लोकांच्या नोकऱ्या आहेत. सगळ्या कंपनीत अडवणारा एकच, तोही घरचा. मला रागच आला.

रविवार, १६ मार्च

दूध गॅसवर ठेवून फोन घ्यायला गॅलरीत गेले आणि बोलतच राहिले. आत आले तर दूध तळाला लागून घरभर करपल्याचा वास. तो ओट्याकडे पाठ करून तिथेच पेपर वाचत होता. अगदी निवांत.

गॅस बंद केला. त्याच्यासमोर बसले.

"कधीपासून?"

"त्या मोठ्या तापानंतर."

म्हणजे दीड वर्ष. डॉक्टरांकडे एकटाच जात होता. आज येईल, उद्या येईल म्हणत राहिला. वास काही परत आला नाही. मी विचारलं, आणि पांढरा साबण? तो त्यानंतरचाच, म्हणाला. जुने वास डोक्यात जसेच्या तसे आहेत. त्यांची जुळणी डोक्यातच केली, मग नमुने लोकांच्या हातात देऊन त्यांचे चेहरे बघत बसला. माझाही. आणि मला वाटत होतं, इतक्या वर्षांनी हा पुन्हा माझ्याकडे टक लावून बघायला लागलाय!

हसले. मग रडले. मग त्यालाही रडू आलं.

करारात खोटं लिहिता येणार नाही. उद्या दोघांनी जाऊन बाईंना आणि घेणाऱ्यांना खरं सांगायचं ठरलं.

शुक्रवार, २१ मार्च

घेणाऱ्यांचा नकार आला. आमच्या बाईंनी पत्र घडी करून खणात टाकलं. मग त्याला एवढंच विचारलं, काम करायला तुला काय लागेल? तो म्हणाला, वास घेऊन खरं सांगणारं कोणीतरी.

म्हणून आज ऑफिस सुटल्यावर त्याच्या खोलीत बसले. त्यानं बाटलीत बुडवलेली कागदाची पट्टी माझ्या नाकापुढे केली. मी म्हटलं, छान आहे.

"छान हा वास नसतो, वकीलबाई. डोळे मिटा. कुठे आहात?"

डोळे मिटले. शाळेत, म्हणाले. ओल्या छत्र्या ठेवायची खोली.

"हं. अजून आत जा."