स्क्रूच्या उभ्या खाचा

प्रिय मिस्त्री,

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि वकिलाकडचंही काही नाही. अक्षर कोंबडीचे पाय झालंय ते मात्र खरं, त्याचं कारण पुढे येईलच. फोन करता आला असता, पण फोनवर आपण काय बोलतो ते तुला ठाऊक आहे. तू विचारणार, कुठली मशीन? मी सांगणार, पोहण्याच्या तलावावरची. तू विचारणार, डावा फ्लिपर की उजवा? झालं. वेगळे झालो तरी आपला संसार तेवढ्याच वाक्यांवर चालू आहे, आणि खरं सांगायचं तर एकत्र होतो तेव्हाही याहून फार निराळा नव्हता.

आधी धंद्याची, म्हणजे दुकानादुकानांत ठेवलेल्या आपल्या खेळाच्या मशीनची, खबर देते. बसस्थानकातल्या गाडी चालवायच्या मशीनचं स्टिअरिंग पुन्हा उपटलंय. प्रवाशांना खऱ्या बसचा राग येतो आणि तो ते तिथं काढतात. तलावाच्या कॅन्टीनमधली पिनबॉल ओल्या हातांनी गंजायला लागली आहे, पण मुलं तिला सोडत नाहीत. सलूनवाल्याची तर कमालच. परवा एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झाल्यावर उठलं आणि गालावरचा फेस तसाच ठेवून आपली उरलेली गोळी खेळायला गेलं. सलूनवाला वस्तरा हातात घेऊन त्याच्यामागे उभा, आणि हा गोळी खाली पडू नये म्हणून फ्लिपरची बटणं बडवतोय. ही गोष्ट पूर्वी मी घरी येऊन तुला दोनदा सांगितली असती, एकदा नक्कल करून. परवा मी नुसती बघत होते. हसू आलं नाही. हसू आलं नाही म्हणून वाईटही वाटलं नाही. असं बरेच दिवस चाललंय, आणि त्याची मला सवय झाली आहे.

लोक अजून विचारतात, नवऱ्याला का सोडलंत? मी म्हणते, जमलं नाही, कारण ते लवकर संपतं. खरं काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. तो एक आठवडा होता बघ, ज्यात आपली एकही मशीन बिघडली नाही. गोळी कुठं अडकली नाही, कॉइल जळली नाही, कुणी काच फोडली नाही. आपण जेवायला बसलो आणि बोलायला काही नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, थकलोय. दुसऱ्या दिवशी तू ताटाकडे बघून म्हणालास, सगळं बरं चाललंय म्हणजे. मी म्हटलं, हो. आठवडा संपला तेव्हा आपल्याला कळून चुकलं होतं, फक्त कोण आधी म्हणतं एवढंच बाकी होतं. तुझ्या तोंडावरची माशीसुद्धा कधी हलत नाही आणि मीही काही कमी नाही. माझी आई रडून म्हणाली, अगं निदान एकदा भांडा तरी, म्हणजे मला समजूत घालता येईल. आपण चहा करून मशीन वाटून घेतल्या. रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या माझ्या, पलीकडच्या तुझ्या. एकमेकांच्या ठिकाणी जायचं नाही, हा या धंद्याचा रिवाजच आहे, तो वेगळा ठरवायलाही लागला नाही.

आता हाताचं सांगते. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली आहेत. डावाही त्याच वाटेवर आहे. आधी मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. तुला माहीत आहे, फ्लिपरच्या त्या दोन पातळ पात्या असतात, त्यांच्यातली फट मी डोळ्यांनी कधी बघितली नाही. बोट लावलं की कळायचं. फट बरोबर नसली की फ्लिपर हलवणारी कॉइल तापत राहते, तेही बोटानंच कळायचं. आता मी कॉइलला कोपर लावून बघते. एकदा सोल्डर करताना काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटलं शेजारच्यांचं दूध लागलं. ते माझं बोट होतं. मी ते नळाखाली धरलं आणि उरलेले दोन टाके घालून टाकले. कुणाला बोलले नाही. मशीन चालवणाऱ्या बाईच्या हातात जोर नाही हे एका दुकानदाराला कळलं की गावभर होतं आणि दुसरा कुणीतरी आपल्या मशीन घेऊन उभा राहतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून चाललं होतं. ही मूठ धड झाकताही येत नाही ही गोष्ट वेगळी.

गंमत म्हणजे माझं काम बिघडत चाललं होतं आणि मशीन मात्र सुधारत होत्या. लॉन्ड्रीतल्या पिनबॉलच्या फ्लिपरवरचं एक रबर मला नीट चढवता आलं नव्हतं. बोटांना ते ताणल्याचं कळेना, शेवटी तसंच ठेवून काच लावली आणि निघाले. पुढच्या फेरीला बघते तर रबर चपखल बसलेलं. मला वाटलं, आपणच केलं असेल. तलावावरही तेच. बसस्थानकातही तेच. मग एकदा लॉन्ड्रीत मी आतली फळी उचलून उभी केली आणि स्क्रू दिसले. सगळ्यांच्या खाचा उभ्या. एकही तिरकी नाही. जगात असा दुसरा माणूस नाही, मिस्त्री. मी तुला किती हसायचे, की हे स्क्रू काय कवायतीला उभे केलेत का, काच लावल्यावर कोण बघणार आहे? आणि तू म्हणायचास, मालकीणबाई, पुढच्या वेळी काच मीच काढणार ना.

लॉन्ड्रीवालीला विचारलं तर ती आधी पैशांच्या गल्ल्यात काहीतरी शोधायला लागली. मग म्हणाली, ताई, रागावू नका, तुमच्या हातून स्क्रू पडायचे, तुम्ही डाव्या हातानं उचलायचात, मला बघवेना, म्हणून मीच तुमच्या ह्यांना फोन केला. तुमचे हे! कागदपत्रं होऊनही लोकांच्या तोंडी तू अजून माझा ‘हे’च आहेस. तेव्हा कळलं की मी गेले की दुसऱ्या दिवशी तू येतोस, जुन्याच किल्ल्या घेऊन, आणि सगळ्या दुकानदारांनी मिळून मला मामा बनवलंय. रिवाज मोडलास. मला राग यायला हवा होता. मी घरी जाऊन रागाची वाट बघत बसले. तो काही आला नाही, तेव्हा कपडे वाळत घातले.

मग मी एक केलं. सलूनमधल्या मशीनचं एक रबर मुद्दाम ढिलं ठेवलं, चारपाच स्क्रूंच्या खाचा तिरक्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या चांभाराकडे जाऊन बसले. चपलेला काहीच झालं नव्हतं. तो म्हणाला, बाई, ही चांगली आहे. मी म्हटलं, तरी बघा. त्यानं बिचाऱ्यानं ती बराच वेळ बघितली. तू आलास. अवजारांची पेटी आता डाव्या हातात धरतोस, खांदा दुखत असणार. केस पांढरे झालेत ते मागून जास्त दिसतात. तू काच काढून भिंतीला टेकवलीस, रबर बसवलंस, मग प्रत्येक स्क्रूपाशी थांबत गेलास. सलूनवाला काहीतरी बोलला आणि तू हसलास. शेवटी एक गोळी खेळून बघितलीस आणि नेहमीसारखी लगेच घालवलीस. एवढी वर्षं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला एकदाही धड खेळता येऊ नये, हे मला तेव्हाही नवल वाटायचं. मला वाटलं होतं की तुला बघून मला काहीतरी होईल, रडू, राग, काहीही. काही झालं नाही. फक्त काच परत सरकवताना तुझं बोट कडेला सापडेल असं वाटलं आणि मी माझी मूठ आवळली. ती आवळली आहे हे मला खाली बघितल्यावर समजलं. चांभार म्हणाला, बाई, काही दुखतंय का? मी नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरणीकडे गेले. इतके दिवस गेले नव्हते, कारण हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? ती म्हणाली, मनगटात नस दाबली गेली आहे, स्क्रू पिळून पिळून. तिथं छेद देऊन ती मोकळी करायची. अजून थांबलात तर अंगठ्यानं पेलाही धरता येणार नाही. मोकळी केली तर जाणीव परत येईल का, विचारलं. म्हणाली, येईल, बहुधा सगळी नाही. आणि आली की सुरुवातीला दुखेल. मला तेच ऐकून जरा भीती वाटली. पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं, तर ती भीती निघाली.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. येत्या मंगळवारी सकाळी उजव्या हाताचं ऑपरेशन आहे. सोबत कोण, असं डॉक्टरणीनं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, मिस्त्री. ती म्हणाली, घरात काम काढलंय का? मी हो म्हटलं, कोण समजावून सांगत बसणार? इथपर्यंत वाचून तू मनात आखणी सुरू केली असशील, की आधी बसस्थानक, मग तलाव, मग लॉन्ड्री, हिच्या मशीन मी बघतो, हिनं काळजी करू नये. त्यासाठी हे पत्र नाही. त्या दिवशी तू माझ्या एकाही मशीनकडे जाऊ नकोस. मी सगळीकडे बंदची पाटी लावून येणार आहे. अडकू देत गोळ्या. तू दवाखान्यात ये. आत नेईपर्यंत बाहेर बाकावर बसवतात म्हणे. तिथं माझ्या डाव्या बाजूला बस आणि तो हात धर. त्याचीही बोटं गेल्यातच जमा आहेत, तू धरलायस की नाही ते मला बहुतेक कळणार नाही. तरी धर.

तुझीच,
मालकीणबाई