शेंदराची खूण

३ फेब्रुवारी, मंगळवार

तारीख फोन आपली आपण टाकतो. मी बोलते, तो लिहितो. काय लिहितो देव जाणे — मला कुठं वाचता येतंय! बरंच हाय. वाचणारी माणसं लई चुगल्या करत्यात.

नात संस्कृती पुण्याहून आली. अणूचा कचरा खोल समुद्राच्या तळाला भोक पाडून गाळात गाडता येईल का, ह्याचा तिचा अभ्यास. म्हणे, "आजी, हे विष हजारो वर्षं राहतं. पुढच्या लोकांना आपली अक्षरं कळणार नाहीत. इथं उकरू नका, हे कसं सांगायचं?"

म्हणलं, अडाण्याचं अडाण्यालाच विचारतीस व्हय! शेंदूर फास. शेंदरी दगड कोण उकरत न्हाई.

लई हसली. वहीत लिहून घेतलं!

५ फेब्रुवारी



शेंदराचं सुचलं कुठून, ते तिला सांगितलं न्हाई. औषध सांडलेला चारा खाऊन आमची म्हस मेली, त्या साली मालकांनी फवारणीचे उरलेले समदे डबे बांधाकडंला गाडले. वर दगड. शेंदूर मी फासला — पोरं उकरतील म्हणून. मालक म्हणले, "कुठं बोलायचं न्हाई." ते गेले. मी बोलले न्हाई.

आता तिथं पत्र्याचं देऊळ हाय. शेजारची साळुबाई दर मंगळवारी नारळ फोडती. नवसाला पावतो म्हणे! नातीला हजारो वर्षांची काळजी. हितं चाळीस वर्षांत देव झाला.

९ फेब्रुवारी

संपत, माझा ल्योक, म्हणला, "आये, देवापाशी बोअर घ्यायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी." पाणाड्यानं तळहातावर नारळ धरला. मेला नेमका तिथंच उभा ऱ्हायला!

१२ फेब्रुवारी

बोअरची गाडी आली. गाडीपुढं आडवी झाले. वरडले — हितं देव न्हाई, इख हाय! आमीच गाडलंय!

समदी हात जोडून उभी. साळुबाई पायावर पडली, "म्हातारीच्या अंगात आलं!" देव कोपला म्हणून बोअर दोन हात सरकवला. दोन हात!

१३ फेब्रुवारी

पाणी लागलं. पहिला तांब्या मला — मान म्हणून. ओतून दिला. "देवाला वाहिलं," साळुबाई म्हणली.

१४ फेब्रुवारी

संस्कृती परत आली. फोन तिच्या हातात दिला. म्हणलं, पहिल्यापासून वाच, बापापुढं, मोठ्यानं. लिहिलेलं कुणाच्या अंगात येत न्हाई.

वाचून झालं. पोरीनं वहीतलं शेंदराचं पान फाडलं. संपतनं हातातला बोअरच्या पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

रिकामा व्हता.