आधी उंदीर, मग पिसवा

३ डिसेंबर
आरोग्य केंद्राची अनुजा येऊन गेली. आमच्या काजूच्या बागेतल्या रानउंदरांच्या पिसवांत तापाचे जंतू सापडलेत. त्या माणसावर आल्या की ताप. पत्रक देऊन गेली. सावकाश वाचू. सावंतवाडीच्या शाळेत बत्तीस वर्षं लॅब असिस्टंट होतो. जंतू मला कोणी शिकवायला नकोत.

३ डिसेंबर, संध्याकाळ
फेलिसिदादला बायको म्हणून सगळे गुण आहेत, फक्त पोटात गोष्ट राहत नाही. लगेच मुलीला मस्कतला फोन. सॅन्ड्रा नाताळला चारच दिवस येणार, पाच महिन्यांच्या रियाला घेऊन. नातीला मी अजून मोबाईलवरच बघितलंय. आता सॅन्ड्राची अट: पप्पांनी पांढरे मोजे घालून घरभर चालायचं, फोटो पाठवायचा. मोज्यांवर एक जरी पिसू दिसली तरी बाळ घरात येणार नाही. ही मोज्यांची युक्ती अनुजाचीच.

५ डिसेंबर, सकाळी ६
प्लॅन तयार. उंदीर संपवायचे. मालकच नाही तर भाडेकरू राहील कुठे? फेली म्हणाली, आदी ता पत्रक वाच. तिचा छापील कागदावर फार विश्वास.

९ डिसेंबर
बागेतल्या मांगरात, म्हणजे गुराच्या चाऱ्याच्या खोपटात, गवत साठवलंय, उंदीर तिथेच. सापळे लावले, औषध टाकलं. एकोणीस गेले. शेजारचा धोंडू कुंपणावरून म्हणाला, मेल्या उंदराक हात लाव नको रे. हातमोजे होते. एकच फाटका होता, तोही डावा.

१२ डिसेंबर
एकूण एकतीस झाले. मांगर रिकामा केला आणि सगळं गवत घरामागच्या पडवीत आणून रचलं. आता उंदरांना परत यायला कारणच नाही.

१५ डिसेंबर
पायांना खाज. फेलीने साबण बदललाय.

१६ डिसेंबर
फेलीलाही खाज. साबणच.

१८ डिसेंबर, दुपारी
पांढरे मोजे घालून पडवीपासून पुढच्या खोलीतल्या येशूच्या ऑल्तारपर्यंत चाललो. मोज्यांवर काळे ठिपके. ठिपके उडाले. पांढऱ्या रंगाचं हेच वाईट, नको ते सगळं दिसतं. काळे मोजे घातले. शून्य. फोटो पाठवला.
सॅन्ड्राचा मेसेज: पप्पा, हे काळे आसत.

२० डिसेंबर
फेलीला ताप. अनुजाला बोलावलं. तिने रक्त घेतलं, गोळ्या चालू केल्या, पडवीतलं गवत बघितलं. मग म्हणाली, लॉरेन्सकाका, उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि दुसरं गरम अंग शोधतात. आधी बिळांत पावडर मारायची, मग उंदीर. पत्रकात पहिलंच वाक्य ते आहे.
भाडेकरू आमच्याकडे राहायला आले. मीच सामान वाहून आणलं.

२१ डिसेंबर
ताप १०३. घरभर पावडर. फेली डोळे उघडत नाही. मला एका जागी बसवत नाही. फेली, पुढच्या वेळी मी ऐकेन.

२३ डिसेंबर
ताप उतरला. तिने पेज मागितली. पेज करपली, तरी तिने खाल्ली.

२५ डिसेंबर
सॅन्ड्रा आणि बाळ धोंडूच्या घरी उतरलीत. सकाळी पांढरे मोजे घालून कुंपणापाशी गेलो. सॅन्ड्राने रियाला उचलून दाखवलं. म्हणाली, बघ गो, तुजो आजो. रियाने दोन्ही हात पुढे केले. मी मोज्यांकडे बघितलं. डाव्यावर दोन पिसवा होत्या. मी दहा पावलं मागे सरलो आणि तिथूनच हात हलवला.
दुपारी फेलीने पत्रक आणून दिलं. पूर्ण वाचलं. दोन मिनिटं लागली.