शेठचे पाय गेले तेव्हा

३ एप्रिल १९५७
पनवेल आवडलं! मोटारीतून उतरले तर वाऱ्याला खाडीचा खारट वास. मिठागरवाले कमळाकरशेठ एकटेच राहतात. स्वयंपाकाला बाई हवी होती, मला ठेवून घेतलं. माणूस पस्तिशीचा, पण हाडं वर आलेली, डोळे बाहेर आलेले, हात सारखे थरथरतात. भूक मात्र राक्षसाची. माझं बोंबलाचं कालवण बोटं चाटून खाल्लं.

मी कुणाची कोण, ते विचारलं नाही. बरं झालं. माझी बहीण भामा इथंच कामाला होती. तापानं फणफणली, तर नाटकं करते म्हणून शेठनी तिला मिठाच्या कोठीत कोंडलं. दार उघडलं तेव्हा ती गार पडली होती.

११ एप्रिल
काल दुपारी शेठ जेवून आडवे झाले ते उठेचनात. पाय ओल्या पोत्यासारखे. इनॉक डॉक्टर आले. गळ्यातली थायरॉइडची गाठ फाजील काम करते, म्हणाले. मग रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरतं नि अंग लुळं पडतं. पाण्यातून औषध पाजलं, उरलेलं ठेवून गेले. मला बजावलं, भात आणि गोड पोटभर द्यायचं नाही, त्यानंच झटका येतो. छातीपर्यंत चढला तर माणूस जातो.

मी पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं. बाई काळजी घेणारी आहे, असं डॉक्टर शेठना म्हणाले.

१९ एप्रिल
शिरवळ्या केल्या, तांदळाच्या शेवया गुळाच्या दाट रसात. शेठ जरा कचरले. मी म्हटलं, "एका दिसानं काय नाय व्हत." तीनदा वाढून घेतलं. झोपले.

मग हाक आली. "मालू, पाय गेले. हातही उचलत नाही. औषध दे."

औषध सकाळीच मोरीत ओतलं होतं. उशाशी बसले. "भामा आठवते? मी तिची बहीण हाय."

चेहरा पांढरा पडला. "मालू, पाया पडतो तुझ्या—"

"पडा की. उठून पडा."

उन्हं उतरताना
श्वास चालूच आहे. झटका छातीपर्यंत चढत नाही. मघापर्यंत रडत होते. आता नुसते डोळे माझ्यावर.

अंगठा हलला.

हे आपोआप उतरतं, असं डॉक्टर बोललेच नव्हते—

स्वयंपाकघरात आहे. बाहेर जायचं तर त्यांच्या पलंगाजवळूनच.

पलंग करकरला.

दाराला जातं लावलंय. पाऊल घसटतंय. भिंत धरून—

आवाज अगदी मऊ. "मालू, मी उठलो गं."

जातं सरक—