बापाला एकेरी

गुरुजी, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि पौडच्या कचेरीसमोर मी अजून त्याच टेबलावर लोकांचे इंग्रजी अर्ज टाइप करतो. चुकाही त्याच येतात. ‘व्हिलेजर्स हॅज’, ‘वन ऑफ माय बुलक्स आर’. एकाला एक क्रियापद, अनेकांना दुसरं, हे काही लोकांच्या ध्यानात राहत नाही. माझ्या हातून अशी एकही चूक पुढं गेलेली नाही. इंग्रजी मी स्वतःच्या बळावर शिकलो, असं मी सगळ्यांना सांगतो. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा व्याकरणाचं पुस्तक तुम्ही दिलं होतंत, तेवढं सांगायचं राहून जातं.

तुम्ही जाण्याच्या दोन वर्षं आधी तुमच्या वडिलांना पुण्याच्या दवाखान्यात दाखवायचं होतं, म्हणून तिथल्या मोठ्या डॉक्टरांना लिहिलेला अर्ज घेऊन तुम्ही कासार आंबोलीहून आलात. बाकावर चार-पाच माणसं बसलेली. मी तुमचा कागद मोठ्यानं वाचतो, ‘माय फादर आर इल’, आणि थांबतो.

“गुरुजी, वडील किती हो तुम्हाला?”

“दोन तरी असतील, मास्तर हायेत!” चहावाला खदखदतो. सगळा बाक हसतो. तुम्हीही कसनुसं हसता.

“अरे, बापाला एकेरी कसं लिहायचं?”

“इंग्रजीत बाप एकटाच असतो,” मी म्हणतो आणि लाल पेन्सिलीनं ‘आर’ खोडतो. तुम्ही कागदाची घडी केलीत, कोटाच्या खिशात घातलीत आणि टाइप न करताच निघून गेलात. पुन्हा कचेरीकडं फिरकला नाहीत.

दोन वर्षांनी बाई आल्या, तुमच्या मंडळी. तुम्हाला क्षयानं धरलं होतं, खोकल्यातून रक्त पडत होतं. क्षयाच्या दवाखान्यात खाट मिळावी, असा अर्ज तुम्ही लिहून दिला होतात. सगळा मराठीत, अकरा ओळी, एकही खाडाखोड नाही.

“दादा, येवढा विंग्रजीत करून द्या. म्या म्हनलं तुमीच लिवा, तर म्हनत्यात, मला न्हाई येत.”

“बाई, अर्जदारानं समोर बसून सही करावी लागते. गुरुजींनाच पाठवा.”

“त्यांना उठवत न्हाई, दादा.”

“नियम आहे.”

भर उन्हात त्या तो कागद घेऊन परत गेल्या. तुम्ही आला नाहीत. पाचव्या आठवड्यात तुम्ही गेल्याचं कळलं. खाट मिळाली असती का, मिळून तुम्ही जगला असता का, हे मला सांगता येत नाही. अकरा ओळी टाइप करायला दहा मिनिटं लागतात, हे मात्र येतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितो. तसा नियम कधीच नव्हता, गुरुजी. तुम्ही माझ्या टेबलापुढं उभं राहून ‘दे रे करून’ म्हणावं, एवढंच मला हवं होतं. बाई अजून आंबोलीतच आहेत. बाजारात भेटल्या की म्हणतात, “तुमी तरी काय करनार, दादा, नियमच तसा.”

मी मान डोलावतो.